न पोचलेला निरोप

‘९६’ या तमिळ चित्रपटाच्या नावातलं वर्ष त्याच्या नायकाच्या वाट्याला आलेलंच नाही. तंजावरच्या एका शाळेतून १९९६ साली बारावी झालेली मुलंमुली वीस-बावीस वर्षांनी चेन्नईत जमतात, म्हणून हे नाव. पण त्यांच्यातला के. रामचंद्रन, म्हणजे राम, १९९४च्या उन्हाळ्यातच गाव सोडून गेलेला आहे. दहावीची परीक्षा संपली, वडिलांचं कर्ज हाताबाहेर गेलं आणि घरच्यांनी रातोरात मद्रास गाठलं. जूनमध्ये अकरावीचा वर्ग भरतो तेव्हा एस. जानकीदेवी, म्हणजे जानू, त्याला शोधत राहते आणि राम काही येत नाही. ज्या वर्षाच्या नावानं सगळे गळ्यात गळे घालतात, त्या वर्षी राम तिथं नव्हताच. शाळेच्या दिवसांची गोड आठवण एवढंच सांगायचं असतं, तर दिग्दर्शक सी. प्रेमकुमार यांना ‘९४’ हे नाव अधिक सोयीचं होतं. दोघं एकाच वर्गात बसत होते ते वर्ष त्यांनी सोडून दिलं आणि ताटातुटीनंतरचं वर्ष पाटीवर लिहिलं. हा चित्रपट नेमका कशाबद्दल आहे, याचा पहिला पुरावा मला इथंच सापडतो.

ऑक्टोबर २०१८मध्ये ‘९६’ प्रदर्शित झाला आणि बघता बघता तमिळनाडूबाहेरही पोचला. विजय सेतुपती आणि त्रिशा, त्यांच्या शाळकरी रूपात आदित्य भास्कर आणि गौरी किशन, गोविंद वसंता यांचं व्हायोलिन, आणि प्रेमकुमार यांचा दिग्दर्शक म्हणून पहिलाच प्रयत्न. स्मरणरंजनाचा उत्तम नमुना, अशी त्याची ओळख झाली आणि ती आजही पुसली गेलेली नाही. शर्टावर उडवलेली शाई, शाळेची घंटा, वर्गातलं बाक, प्रत्येकानं आपापली शाळा त्यात पाहून घेतली. मला हे कौतुक थोडं घाईचं वाटतं. स्मरणरंजनाला सामाईक आठवण लागते. चार जण बसले आहेत, एकानं अर्धं वाक्य टाकलं की उरलेलं दुसरा पुरं करतो, अशी ती मौज असते. ‘९६’मधल्या स्नेहमेळाव्यात बाकीच्या वर्गमित्रांची मौज अगदी अशीच आहे: व्हॉट्सअ‍ॅपवर गट निघतो, टोपणनावं परत येतात, एकमेकांच्या खोड्या निघतात. राम आणि जानू मात्र त्या खेळात बसत नाहीत, कारण त्यांची आठवण सामाईक नाही. त्याला पुष्कळ ठाऊक आहे. तिला निम्मंच ठाऊक आहे, आणि त्या निम्म्यातही एक गोष्ट साफ चुकीची आहे. या चित्रपटाचा विषय मला ही विषमता वाटते. जुनं प्रेम हे निमित्त.

हाताशी एकच रात्र असते. राम फिरता छायाचित्रकार आहे, विद्यार्थ्यांना छायाचित्रण शिकवतो, लग्न केलेलं नाही. जानू सिंगापूरला राहते, नवरा आहे, मुलगी आहे, आणि परतीचं विमान ठरलेलं आहे. एवढ्या वेळात दोघं गाडीतून हिंडतात, मेट्रोत बसतात, हॉटेलात आणि मग त्याच्या घरी जातात. वरवर पाहता काही घडत नाही. पण नीट ऐकलं तर रात्रभर एकच काम चाललेलं दिसतं: एकाकडची माहिती दुसरीकडे जाते आहे. जानू विचारते, तू परत का आला नाहीस? तो सांगतो, आलो होतो. ती कॉलेजात होती तेव्हा तो तिला भेटायला गेला होता, फाटकापाशी थांबून त्यानं आत निरोप धाडला होता. आतून उत्तर आलं की भेटायचं नाही. तो निघून गेला, आणि पुढची सगळी वर्षं जानूनं आपल्याला नाकारलं असं धरून जगला. जानूच्या बाजूनं पाहिलं तर प्रसंगच वेगळा. त्या काळात कुणी एक तरुण तिच्या मागे लागला होता, निरोप त्याचाच असेल असं समजून तिनं मागचापुढचा विचार न करता नकार कळवला होता. राम आला होता हे तिला आज, चाळिशीच्या उंबरठ्यावर, पहिल्यांदा कळतं. पुढं हेही कळतं की तिच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा तो मांडवात एका कोपऱ्यात उभा होता. आणि ती तर शेवटच्या क्षणापर्यंत त्याचीच वाट पाहत होती.

त्रिशानं हा प्रसंग केला आहे तो पाहावा. जानूचं रडणं विरहाचं नाही, विरहाची तिला सवय झालेली आहे. ज्या समजुतीवर आपण एक आख्खं आयुष्य उभं केलं, ती समजूतच खोटी होती हे कळल्यावर माणूस जसा कोसळेल तशी ती कोसळते. स्मरणरंजनात भूतकाळ जसाच्या तसा परत मिळतो, निदान तसा भास तरी होतो. इथं जानूकडे जो भूतकाळ होता तोही काढून घेतला जातो. ‘तो मला विसरला’ ही एक सोसण्याजोगी गोष्ट होती, तिच्याशी तिनं जुळवून घेतलं होतं, संसार मांडला होता. तिच्या जागी आता ‘तो दारापर्यंत आला होता आणि मीच त्याला परत पाठवलं’ ही गोष्ट येते, आणि ती घेऊन तिला सकाळच्या विमानात बसायचं आहे. गोड आठवणींचा चित्रपट म्हणून ज्याची ख्याती, त्याच्या मध्यावर इतकी निर्दय गोष्ट बसली आहे.

माझ्या म्हणण्याला सर्वांत भक्कम आधार मात्र पुढच्या प्रसंगाचा आहे. रामचे विद्यार्थी त्याला भेटतात, बरोबरची ही बाई त्याची बायको असावी असं त्यांना वाटतं, आणि जानू ते खोडून काढत नाही. तुम्ही परत कसे भेटलात, असं मुली विचारतात तेव्हा ती खुशाल सांगू लागते. कॉलेजच्या फाटकापाशी राम येतो, निरोप आत जातो, आणि या खेपेस तो ओळखला जातो. रामनं काही क्षणांपूर्वीच जे सांगितलेलं आहे, त्यातला एकच सांधा ती बदलते आणि सगळी गोष्ट दुसऱ्या वाटेनं चालू लागते. पटकथा म्हणून हे फार हुशारीचं आहे. एक तर प्रेक्षकाला कळतं की नशीब, दैव, घरचा विरोध असलं मोठं काही आड आलेलं नव्हतं. एक निरोप नीट पोचला असता तर पुरे होतं. शिवाय रात्रभर फक्त ऐकून घेणारी, सत्य पदरात पडत गेलेली जानू इथं पहिल्यांदा कथा सांगणारी होते. ज्याच्याकडे जास्त आठवणी, त्याच्याकडे कथेची मालकी, असा आतापर्यंतचा हिशोब होता. आठवणींत ती रामला गाठू शकत नाही, म्हणून ती कल्पनेनं गाठते. राम शेजारी बसून ऐकतो आणि विजय सेतुपतीच्या चेहऱ्यावर जे उमटतं त्यात सुख किती आणि शिक्षा किती, हे ठरवता येत नाही.

यावर कुणी म्हणेल, ही बुद्धीची कसरत झाली. प्रेक्षागृहात लोक रडले ते संगीतकार इलयराजांच्या जुन्या गाण्यांमुळं. आक्षेप दुर्लक्ष करण्यासारखा नाही. जानूचं नाव गायिका एस. जानकींची आठवण देणारं, ती शाळेत त्यांचीच गाणी गाते, आणि नव्वदीत वाढलेल्या तमिळ माणसाच्या कानात ही गाणी आईच्या हाकेइतकी मुरलेली आहेत. खुद्द इलयराजांनी २०१९ मध्ये एका मुलाखतीत, नवे चित्रपट आपल्या जुन्या गाण्यांचा आधार घेतात यावर कडक शब्दांत टीका केली होती. आयत्या भावनेवर चित्रपट उभा करणं ही लबाडी आहे, हे म्हणणं तत्त्व म्हणून मला मान्य आहे. पण ‘९६’ ही गाणी कशी वापरतो ते पाहिलं पाहिजे. मणिरत्नम यांच्या ‘दळपती’ (१९९१) मधलं मिताली बॅनर्जी यांनी गायलेलं राधेच्या विरहाचं गाणं रामचं फार आवडतं आहे. जानू शाळेत हवं ते गाणं म्हणते, पण हे एक म्हणत नाही. त्याला ते हवं आहे हे तिला पक्कं ठाऊक आहे, आणि म्हणूनच ती ते राखून ठेवते. त्याला थेट मागण्याचा धीर होत नाही आणि तिला आपणहून देण्याची गरज वाटत नाही. दोघांच्या नात्यात जानूकडे असलेली हीच एक सत्ता. गाणं येतं ते वीस-बावीस वर्षांनी, रामच्या घरी, वीज गेल्यावर, वाद्यांशिवाय. राम अंधारात उजेडासाठी धडपडतो आणि गाणं चुकू नये म्हणून त्याची त्रेधा उडते. आठवणींचा बाजार मांडायचा असता तर हे गाणं पहिल्या अर्ध्या तासात, पूर्ण वाद्यमेळासह वाजलं असतं. इथं ते थकलेल्या उधारीसारखं येतं, उशिरा आणि एकदाच. आवाज चिन्मयीचा आहे. पडद्यावरच्या त्रिशाचे संवादही तिच्याच आवाजात आहेत. (चित्रपट लागला त्याच महिन्यात चिन्मयीनं ‘मी टू’ मोहिमेत तोंड उघडलं आणि काही आठवड्यांत डबिंग कलाकारांच्या संघटनेनं तिचं सदस्यत्व रद्द केलं. बाईनं काय सांगावं आणि ते कुणापर्यंत पोचावं, हा प्रश्न पडद्याबाहेरही तसाच उभा होता.)

प्रेमकुमार यांच्या दिग्दर्शनाआधीचं एक काम माहीत असेल तर हा माणूस आठवणींच्या विषमतेभोवती किती वर्षं घुटमळतो आहे हे लक्षात येतं. ते मूळचे छायालेखक. २०१२ साली ‘नडुवुल कोंजम पक्कत्त काणोम’ नावाचा एक विनोदी चित्रपट आला, त्याचं छायालेखन त्यांचं होतं आणि गोष्टही त्यांच्यावरच बेतलेली होती: क्रिकेट खेळताना डोक्याला मार लागतो आणि लग्न तोंडावर आलेल्या तरुणाच्या डोक्यातून अलीकडचा काळच पुसला जातो. होणारी बायको त्याला ओळखू येत नाही आणि मित्र कसंबसं लग्न पार पाडतात. त्या तरुणाचं काम विजय सेतुपतीनंच केलं होतं, आणि पात्राचं नाव प्रेमकुमार. ज्याला काही आठवत नाही असा नवरदेव आणि ज्याला काहीच विसरता येत नाही असा राम, दोन्ही भूमिका एकाच नटाकडून. पहिल्यात हसू येतं, दुसऱ्यात गळा दाटतो; पण यंत्रणा तीच आहे. एकाच घटनेची दोन माणसांकडे दोन वजनं असतात आणि जड पारडं कुणाकडे आहे हे हलक्या पारड्याला कळतही नाही. पुढं ‘९६’ची कन्नड आवृत्ती निघाली (२०१९), तिचं नाव ‘९९’. तेलुगू आवृत्ती (२०२०) प्रेमकुमार यांनी स्वतःच केली, तिचं नाव ‘जानू’. वर्ष बदललं, नंतर वर्ष पार नाहीसंच झालं, गोष्ट जागेवर राहिली. एका विशिष्ट काळाच्या ओढीवर उभ्या असलेल्या कथेचं असं होऊ शकलं नसतं.

रामच्या बाबतीत एक गंभीर आक्षेप आहे आणि तो बहुतेक करून स्त्रियांनी घेतलेला आहे. वर्षानुवर्षं एका बाईची खबर ठेवणं, तिच्या नकळत तिच्या लग्नात उभं राहणं, तिच्या वस्तू पेटीत जपणं, हे प्रेम की पाळत? राम सभ्य आहे, लाजाळू आहे, विजय सेतुपतीच्या शरीरात आहे, म्हणून आपण विरघळतो. त्याच गोष्टी दुसऱ्या कुणी केल्या तर पोलिसांत जाऊ. मला हा आक्षेप अर्धा पटतो. तमिळ चित्रपटानं (आणि हिंदीनं, मराठीनंही) मागे लागणाऱ्या पुरुषाला इतकी वर्षं नायक म्हणून मिरवलं आहे की संशय घेणं हे प्रेक्षकाचं कर्तव्यच आहे. पण ‘९६’ला ही गोष्ट माहीत आहे. जानूनं निरोप का धुडकावला? कारण कॉलेजच्या फाटकापाशी थांबणाऱ्या पुरुषांचा अनुभव तिच्या गाठीला होता. मुलीनं असल्या निरोपाला नकारच द्यायचा असतो, हे तिला जगानं शिकवलेलं होतं, आणि ते तिनं बरोबर शिकलं होतं. रामचं आयुष्य ज्या गैरसमजावर अडलं, त्याच्या मुळाशी दुसऱ्या पुरुषांचं वागणं आहे. ती ज्याला नाकारत होती तो राम नव्हता. ती एका प्रकारच्या पुरुषाला नाकारत होती आणि राम त्या दिवशी त्या प्रकारात मोजला गेला. म्हणजे योगायोग वाटणारी घटना तितकी योगायोगाची नाही. राम तिच्या शब्दाला मान देऊन निघून गेला, हा त्याचा चांगुलपणा. पण त्याच चांगुलपणापायी चूक दुरुस्त व्हायची राहिली. या पेचातून सुटायला चित्रपट मार्ग देत नाही आणि तो दिला नाही हेच बरं झालं.

दुसरा आक्षेप मला याहून जड वाटतो. हे प्रेम जातीच्या बाहेर, हवेत तरंगतं. मराठी वाचकाला तंजावर म्हटलं की सरफोजीराजे आणि सरस्वती महाल आठवतो, पण त्याच जुन्या तंजावर जिल्ह्यात किळवेण्मणी आहे, जिथं १९६८ साली मजुरीच्या भांडणातून ४४ दलितांना जाळून मारलं गेलं. त्या मुलखातल्या शाळेत दोन मुलं एकमेकांकडे पाहतात आणि कोण कुणाचं हा प्रश्न कुणाच्याच मनात येत नाही, हे खरं मानायला जड जातं. योगायोग असा की ‘९६’च्या जेमतेम आठवडाभर आधी मारी सेल्वराज यांचा ‘परियेरुम पेरुमल’ लागला होता. त्यातही एक मुलगा आहे, एक मुलगी आहे, आणि मुलीला माहीत नसलेली एक गोष्ट आहे: वर्गातल्या दलित मित्राची तिच्याच घरच्यांनी किती भयंकर विटंबना केली. तो तिला ते सांगत नाही. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तही (२०१३) जब्याच्या मनात काय आहे याचा शालूला पत्ता नसतो, ती इतरांसारखीच गंमत पाहते. या दोन्ही चित्रपटांत मुलीचं अज्ञान समाजानं घडवलेलं आहे, त्याला जातीची भिंत आहे. ‘९६’मध्ये ती भिंत नाही. वडिलांच्या कर्जापायी रातोरात गाव सोडावं लागणं, एवढाच काय तो बाहेरच्या जगाचा धक्का, आणि तोही दोन वाक्यांत उरकतो. इथं मी चित्रपटाची बाजू घेऊ शकत नाही. एवढंच म्हणेन की जात बाजूला ठेवल्यामुळं त्याला दोन व्यक्तींमधली विषमता सुटी करून, उजेडाकडे धरून पाहता आली. आणि त्यासाठी त्यानं मोजलेली किंमत लहान नाही. तिसरा एक आक्षेप, की दोघांत शारीरिक जवळीक येत नाही म्हणजे चित्रपट सोवळा आहे, मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. जानू रामला तोंडावर विचारते, तू अजून कोरा आहेस का, आणि खदखदून हसते. सोवळ्या चित्रपटात बायका हा प्रश्न विचारत नाहीत.

मला खटकतं ते शेवटी. जानूला विमानात बसवून राम घरी येतो, पेटी उघडतो आणि तिचे राहिलेले कपडे नीट घडी करून आत ठेवतो. पेटीत आधीच शाळेपासूनचा साठा आहे, त्यात आणखी एक भर. प्रेक्षक इथं गहिवरतो, पण हिशोब पाहा. ज्याच्याकडे आधीच जास्त होतं त्याच्याच पदरात आणखी पडलं, आणि जिला आज रात्री सगळं नव्यानं कळलं ती कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर निघून गेली. सिंगापूरला उतरलेली जानू आपल्याला दिसत नाही. ही नवी माहिती घेऊन ती मुलीशी काय बोलते, नवऱ्याशी काय बोलते, रोजच्या दिवसात ती कुठं ठेवते, हा खरा कठीण चित्रपट होता आणि तो दारातच थांबला. विषमता उघडी पाडून झाल्यावर प्रेमकुमार पुन्हा आठवणारा आणि साठवणारा जो, त्याच्याच घरी मुक्कामाला राहिले.

हे त्यांनाही जाणवलं असावं, असं त्यांचा नंतरचा ‘मेय्यळगन’ (२०२४) पाहताना वाटतं. गोष्ट पुन्हा तंजावरची, साल पुन्हा १९९६: भाऊबंदकीच्या भांडणात एक कुटुंब वडिलोपार्जित घर सोडून मद्रासला निघून जातं. बावीस वर्षांनी त्या घरातला अरुळमोळी (अरविंद स्वामी) बहिणीच्या लग्नाला नीडामंगलमला येतो, तिथं एक नातेवाईक (कार्ती) त्याला घट्ट चिकटतो, जेवू-खाऊ घालतो, रात्री घरी नेतो, लहानपणीच्या शंभर गोष्टी सांगतो. त्याची जुनी सायकल मागं राहिली होती, तिनं या माणसाच्या घराचं नशीब पालटलं. अरुळमोळीला यातलं काही माहीत नाही. त्याला या माणसाचं नावसुद्धा आठवत नाही, आणि विचारायची आता सोय उरलेली नाही. या खेपेस कॅमेरा सगळा वेळ न आठवणाऱ्याच्या बाजूला बसतो. प्रत्येक प्रेमळ घासागणिक त्याची अडचण वाढत जाते, आणि शेवटी तो भल्या पहाटे, यजमानाला न सांगता, तोंड लपवून पळ काढतो. पुढं फोन करून तो स्वतःच कबूल करतो की तुझं नाव मला ठाऊक नाही. जानूच्या वाट्याला न आलेला वेळ त्याला मिळाला, हे बरंच झालं. फक्त तो एका पुरुषाला मिळाला, आणि जिथं नावाची ओळख पटवणं एवढंच बाकी होतं अशा सोप्या प्रकरणात मिळाला.